वाटेवरचा आवाज : मोटारीतील बिनतारी यंत्राचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. कयाधूच्या काठचे ते ठाणे सोडून स्वार कळमनुरीच्या वाटेस लागला, की मुक्काम गाठेपर्यंत जगाला त्याची वार्ता नसे आणि त्याला जगाची. पुढे तारायंत्राचे युग आले. परंतु तारेने गावास गाव जोडले, गावांमधला वाटसरू काही जोडला नाही. त्याच्या डोक्यावरच्या तारेतून निरोप धावत, त्याच्या कानी मात्र एक शब्दही पडत नसे. धावत्या वाहनातील माणसाला वाचा देण्याचे काम अखेर बिनतारी विद्येने केले. आणि तेही एका दमात नव्हे.

१९०१ साली मार्कोनीने थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेच्या गाडीवर बिनतारी यंत्र बसविले. तिच्या छपरावर एरिअल म्हणून धातूचे एक उंच नळकांडे उभे केलेले होते. प्रवासाच्या वेळी ते आडवे करावे लागे. त्या यंत्रातून बोलणे नव्हे, मोर्सच्या ठिपक्या-रेघाच काय त्या जात. १९२३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या पोलिसांनी आपल्या गस्तीच्या मोटारींत बिनतारी यंत्रे घेतली, तीही मोर्सचीच. १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलिस मोटारींना मनुष्याचा आवाज ऐकू येऊ लागला. परंतु ही मोटार ऐकू शके, उत्तर देऊ शकत नसे. हुकूम पोहोचला की नाही, चोर सापडला की निसटला, मदत हवी की नको, हे कळविण्यास शिपायाला टेलिफोन शोधीत फिरावे लागे. ज्याच्या जिवावर प्रसंग ओढवलेला, तोच मुका! १९३३ साली न्यू जर्सीतील बेयोन शहराने आपल्या पोलिस मोटारींत बोलण्याची आणि ऐकण्याची अशी दोन्ही सोय केली, तेव्हा कोठे हे मुकेपण सुटले.

वाचा आली, पण शब्द स्वच्छ ऐकू येईना. याचे कारण मोटारीच्या पोटातच होते. पेट्रोलचे एंजिन ठिणगीवर चालते, आणि मार्कोनीचे पहिले प्रक्षेपकयंत्रही ठिणगीवरच चालत असे. तेव्हा मोटारीतील प्रत्येक स्पार्क प्लग हे एक लहानसे, अनाहूत प्रक्षेपकयंत्रच म्हटले पाहिजे! त्याची खरखर लाटेच्या उंचीत मिसळते, आणि त्या काळी आवाजही लाटेच्या उंचीतच भरलेला असे. या दोहोंची फारकत कशी करावी? एडविन आर्मस्ट्राँगने १९३५ साली आपला तोडगा जगापुढे मांडला. लाटेची उंची कायम ठेवून तिच्या कंपनसंख्येतच आवाज भरावयाचा, आणि उंचीत जो गडबडगुंडा होईल तो ग्रहणयंत्राने छाटून टाकावयाचा. १९४० साली डॅनियल नोबल यांनी कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी याच पद्धतीची दुतर्फी यंत्रणा उभारली, आणि पुढे मोटारीतील संभाषणास हीच पद्धत मानवली.

लहानशा, वेगवान स्पोर्ट्स कारमध्ये असे यंत्र बसविणे मात्र अधिक कौशल्याचे ठरले. एरिअलची लांबी मनास येईल तितकी ठेवून चालत नाही. ती साधारणतः लाटेच्या लांबीच्या चतुर्थांशाइतकी असावी लागते. छंदी बिनतारीवाल्यांची १४५ मेगाहर्ट्झची लाट सुमारे दोन मीटरांची असल्याने तिला अर्ध्या मीटरची काडी पुरते. २७ मेगाहर्ट्झची लाट अकरा मीटरांची. तिला पावणेतीन मीटरांची काठी हवी, आणि ती धावत्या मोटारीवर कशी टिकावी? शिवाय अशी काडी एकटी काम करीत नाही. तिच्या पायथ्याचा धातूचा पत्रा हा तिचा जोडीदार असतो. म्हणून टपाचा मध्य ही सर्वांत उत्तम जागा. उघड्या स्पोर्ट्स कारला टपच नसतो. एरिअल मागील कोपऱ्यावर नेले तर लाटा चहूकडे सारख्या न पसरता गाडीचा पत्रा ज्या बाजूस जास्त, तिकडे अधिक जातात. त्यातही १९५३ च्या कॉर्व्हेटसारख्या किंवा गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या मोटारीचे अंग काचतंतूंचे. तेथे पत्र्याचा आधारच नाही! मग आतून तांब्याचा पत्रा लावावा लागतो, किंवा आधारावाचून चालणारे अर्ध्या लाटेचे एरिअल घ्यावे लागते. हे न साधल्यास शक्ती परत फिरते आणि यंत्रच तापते.

परंतु गाडीत एरिअल चढले, की ती कोणाच्या बाजूची, हाही प्रश्न येतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. १९४२ च्या लढ्यात मुंबईस उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांच्या शोधक मोटारी त्याच्या मागावर होत्या. एरिअल फिरवून आवाज कोणत्या दिशेने येतो ते पाहावयाचे, तसेच दुसऱ्या ठिकाणाहून पाहावयाचे, आणि दोन्ही रेषा जेथे छेदतील तेथे जावयाचे, अशी दिशाशोधनाची रीत. म्हणून या मंडळींना प्रक्षेपणाची जागा वरचेवर बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्या पकडल्या गेल्या. पण घात झाला तो एका फितूर तंत्रज्ञामुळे, असे उषाबाईंनी पुढे सांगितले. बावीस वर्षांच्या त्या मुलीच्या धैर्यापुढे शोधक मोटारींचे कसब थिटेच पडले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

हिंगोली तेव्हा निजामी राज्यातील परभणी जिल्ह्यात होती. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. याच जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ दुधाळा येथे लायगो-इंडियाची जागा ठरली, आणि २०२३ साली केंद्र सरकारने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या योजनेस मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा रेडिओच्या लाटा टिपावयाच्या नाहीत. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठणारा, प्रोटॉनच्या दहासहस्रांशाहूनही सूक्ष्म असा ताण त्यांनी मोजावयाचा आहे. अशा यंत्राला दुरून जाणाऱ्या मालमोटारीचा हादराही बाधतो.

मोटारीत बोलणारे यंत्र बसविणाराला जी अडचण, तीच या वेधशाळेलाही : आपल्याच आसपासच्या गलबल्यातून दूरचा क्षीण आवाज कसा निवडावा? मोटारवाल्याने प्लगची खरखर दाबली; दुधाळ्यास धरणीचा कंप दाबावा लागेल. ज्या वाटेवरचा स्वार मुकाट्याने मुक्कामाची वाट पाहत जाई, त्याच मुलुखाला आता कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला निरोप ऐकण्यासाठी शांतता जपावयाची आहे.