हाताची जाण आणि वाइंडर

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन चित्रपट-कॅमेरा हाताने फिरवावा लागे. फिल्म अडली की ते प्रथम हाताला कळे. स्थिरचित्रणात ही जाण अंगठ्याला होती. १९७६ साली आलेल्या कॅनन एई-१ च्या पॉवर वाइंडरने ते काम मोटारीकडे सोपवले.

असा जुना वाइंडर आज थांबला, की आपण मोटारीलाच दोष देतो. पण या कॅमेऱ्यातला सेल संपला तर शटर सुटत नाही, आणि शटर सुटल्यावाचून फिल्म सरकत नाही. म्हणून आधी दोन्हींचे सेल बदलावेत, संपर्कबिंदूंवरचा गंज पुसावा. मग वाइंडर काढून, शटर दाबून, तरफ अंगठ्याने हलकेच ओढावी. अडली तर थांबावे. जोर केल्यास फिल्मची छिद्रे फाटतात, आणि टिपलेली चित्रेही धोक्यात येतात. यंत्राने घेतलेली जाण दुरुस्तीच्या वेळी हातालाच परत मागावी लागते, असे आम्हांस वाटते.