पहिलें अक्षर

वाचण्यासारख्या साध्या कर्मासही एके काळीं स्त्रीस धैर्य लागत असे, हें आज आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. १८७३ सालीं महादेव गोविंद रानडे यांच्याशीं विवाह झाला, तेव्हां अकरा वर्षांच्या रमाबाईंस अक्षरओळख नव्हती. पतीनें स्वतः धडे देण्यास आरंभ केला. पुढें इंग्रजीही आली. घरांतील वडील स्त्रियांस हें रुचलें नाहीं. पति कचेरींत गेल्यावर टोमणे एकटीनें सोसावयाचे आणि पुन्हा पुस्तक उघडावयाचें, असा क्रम होता. सुधारकाची कीर्ति सभांत वाढली. तिची किंमत मात्र माजघरांत दिली गेली. १९१० सालीं रमाबाईंनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ प्रसिद्ध केल्या, म्हणून हा हिशेब आपणांस कळतो. ज्यांनीं लिहून ठेविलें नाहीं, अशा कित्येकींचें पहिलें अक्षर इतिहासास अज्ञातच राहिलें.