अंगणात ब्लॅक गम लावायचंय? मग जागा एकदाच ठरवा

एल्विस प्रिस्लीचा जन्म झाला ते मिसिसिपी राज्यातलं गाव म्हणजे टुपेलो. या गावाला नाव मिळालं ते एका झाडावरून. टुपेलो हा शब्द मूळचा मस्कोगी लोकांचा, 'झाड' आणि 'दलदल' या दोन शब्दांपासून तयार झालेला. ब्लॅक गम याच टुपेलो कुळातला. शास्त्रीय नाव निसा सिल्व्हॅटिका. नावात 'गम' असला तरी या झाडातून डिंक वगैरे काही निघत नाही आणि निलगिरीशीही त्याचा संबंध नाही.

पूर्व अमेरिकेत मेनपासून फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत हे झाड रानात आपसूक वाढतं. तिथली पानगळ सुरू होते तेव्हा सगळ्यात आधी रंग बदलणाऱ्या झाडांत याचा नंबर लागतो. एकाच झाडावर पिवळा, केशरी, लालभडक आणि जांभळट असे सगळे रंग दिसतात. न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं 'फॉल कलर्स' बघायला गाडी काढतात, तेव्हा त्यांनी हे झाड पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं.

मग हे झाड घरोघरी का दिसत नाही? कारण जमिनीखाली आहे. ब्लॅक गमचं सोटमूळ सरळ खोल जातं. जमिनीत वाढलेलं मोठं झाड उपटून दुसरीकडे लावलं की बहुतेक वेळा ते मुळं तुटल्यामुळे मरतं किंवा वर्षानुवर्षं रखडतं. अनेकांना सावलीची घाई असते, म्हणून ते महागडं, उंच झाड आणतात आणि तिथेच फसतात. त्यापेक्षा कुंडीतलं लहान रोप घ्यावं. कुंडीत मुळं गोल गोल फिरलेली नाहीत ना, हे विकत घेण्याआधीच बघून घ्यावं. लावायचं ते वसंताच्या सुरुवातीला.

खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, पण त्याच्या दोन-तीन पट रुंद हवा. मुळं जिथून फुटतात तो बुंध्याचा भाग मातीत गाडायचा नाही. वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं, पण खोडाला टेकवून ढीग रचू नये. अमेरिकेतल्या अंगणांत ही चूक सर्रास दिसते आणि तिने खोड कुजतं. पहिली दोन वर्षं पाणी नियमित द्यावं लागतं.

माती आम्लयुक्त हवी, सामू साधारण 5.5 ते 6.5. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात, कारण झाडाला लोह घेता येत नाही. पाणी साचणारा कोपरा मात्र याला चालतो. जिथे बाकीची झाडं हात टेकतात, तिथे हे टिकतं. पानांवर ठिपके पडतात, पण त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. ते नकोच असतील तर 'रेड रेज' ही चकचकीत पानांची जात बघावी. कोवळी पालवीही लाल हवी असेल तर 'वाइल्डफायर'.

वाढ संथ. वर्षाला फूटभर, फार तर दोन फूट. अंगणात ते 30 ते 50 फुटांपर्यंत जातं, म्हणजे विजेच्या तारांखाली लावायचं झाड हे नव्हे. आयुष्याचं म्हणाल, तर न्यू हॅम्पशायरच्या दलदलीत 650 वर्षांहून जुने ब्लॅक गम सापडले आहेत. म्हातारी झाडं आतून पोकळ होतात. पूर्वी डोंगराळ भागातले लोक अशा पोकळ ओंडक्यांत मधमाश्या पाळायचे. तिथे मधाच्या पेटीलाच 'गम' म्हणत.

झटपट वाढतं म्हणून लोक आजवर ब्रॅडफर्ड पेअर लावत आले. ते झाड वादळात फाटतं, शिवाय रानात पसरून स्थानिक झाडांची जागा खातं. ओहायोने 2023 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, 2024 मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायनानेही घातली. त्या रिकाम्या जागी ब्लॅक गम चांगला बसतो.

एक मात्र लक्षात ठेवायचं. यात सहसा नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीला काळीनिळी आंबट फळं धरतात, स्थलांतर करणारे पक्षी ती भराभर फस्त करतात आणि उरलेली खाली पडतात. फरशीवर आणि गाडीवर त्यांचे डाग पडतात. बियांपासून केलेलं रोप नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. म्हणून पार्किंगपासून जरा लांबच लावलेलं बरं, कारण नंतर हलवता यायचं नाही.