हद्दपारीची क्रियापदे

मराठी वाचकाला बायबलच्या हिब्रूची ओळख करून द्यायची, तर अक्षरांआधी 'बुडणे' आणि 'बुडवणे' यांच्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मुळशी तालुक्यात हे दोन शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मुळा-निळा संगमाजवळच्या धरणाने गिळलेल्या गावांबद्दल कोणी 'गाव बुडाले' म्हणतो, कोणी 'गाव बुडवले'. घटना एकच. पण पहिल्या वाक्यात गावच कर्ता होऊन बसते, आणि दुसरे वाक्य ऐकणारा लगेच विचारतो, 'कोणी?' शाळेच्या व्याकरणात आपण याला प्रयोजक क्रियापद म्हणतो. हिब्रूत त्याचे नाव हिफील.

ज्यू हद्दपारीचे उतारे वाचताना हा फरक हाताशी ठेवावा लागतो. तिथला मुख्य धातू ग-ल-ह. साध्या रूपात 'गाला', म्हणजे गेला, देशोधडीला लागला. कर्मणी रूपात 'होगला', म्हणजे नेला गेला. प्रयोजकात 'हिगला', म्हणजे नेले, देशोधडीला लावले. विलापगीताच्या पहिल्या अध्यायात यहूदाची प्रजा नुसतीच 'गेली' आहे. शोक करणाऱ्याला तेवढेच पुरते. यिर्मयाच्या तेराव्या अध्यायात ती 'नेली गेली' आहे, पण नेणारा पडद्याआड आहे. मराठी बायबलात बहुधा 'पाडाव करून नेणे' असा बखरीतल्या लढाईची आठवण देणारा वाक्प्रचार भेटतो. तो चांगलाच आहे, पण मूळ धातूत लढाई नाही, बेड्या नाहीत. जागा सुटणे आहे. याच अक्षरांच्या धातूचा दुसरा अर्थ 'उघडे करणे'. हे दोन धातू की एक, यावर कोशकार अजून भांडतात. नव्या वाचकाने त्या भांडणात लगेच पडू नये.

या अभ्यासाच्या दारात उभे राहायचे तर यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले पत्र घ्यावे. इसवी सनपूर्व 597मध्ये बाबेलचा बादशहा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा, दरबारी आणि कारागीर उचलून बाबेलला नेले. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना पत्र पाठवले : घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात आहात त्याचे 'शालोम' पाहा. शालोम म्हणजे केवळ शांतता नव्हे. आपल्याकडे कुशल, क्षेम, बरे चालणे या शब्दांत मिळून जे येते ते. पत्राच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असे छातीठोक सांगतो. यिर्मया सत्तर वर्षे सांगतो. एवढे अप्रिय बोलायला आधार लागतो, आणि तो आधार क्रियापदात आहे. 29व्या अध्यायाच्या पहिल्या वचनात निवेदक म्हणतो की नबुखद्नेस्सराने नेले. चौथ्या वचनात तेच क्रियापद, तेच प्रयोजक रूप, पण कर्ता देव, तोही प्रथमपुरुषी : 'हिगलेथी', मी नेले. बादशहाने नेले असेल तर बंडाची वाट पाहायची. देवाने नेले असेल तर परसात झाडे लावायची. अख्खा राजकीय वाद कर्त्याच्या जागेवर उभा आहे.

झाडे खरोखर लागली होती का? 'आल-याहूदू', म्हणजे यहूदाचे गाव, अशा नावाच्या बाबेलकडील वस्तीतल्या मातीच्या पाट्यांचा मोठा संच 2014 साली प्रसिद्ध झाला. भाषा अक्कादी, विषय शेती, खंड, कर्ज आणि सारा. धर्मग्रंथाच्या शेजारी हा दप्तरखान्याचा कागद ठेवून वाचण्यात जी गंमत आहे, तिच्यासाठी तरी या विषयात यावे.

मुळशीच्या वाचकाला इथे तुलनेचा मोह होणार. मलाही होतो. 1921च्या रामनवमीला सुरू झालेला धरणाविरुद्धचा सत्याग्रह, सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, 'जान किंवा जमीन' ही घोषणा, हे सारे डोळ्यांपुढे येते. पण एक शब्द हा मोह आवरायला लावतो : 'दल्लत', म्हणजे देशातले अगदी गरीब. राजांच्या दुसऱ्या पुस्तकानुसार बाबेलने प्रतिष्ठितांना नेले आणि या गरिबांना मागे ठेवले. पुढे द्राक्षमळे आणि शेते त्यांच्याकडे आली. मुळशीत नेमके उलटे. जमीन कसणारा मावळाच उठवला गेला. आणखी एक फरक आहे. हिब्रूत 'गोला' हा शब्द नेलेल्या सगळ्या समाजाला मिळून लागतो; पत्राच्या आधीच्या निवेदनात 'गोलाचे वडीलधारे' आहेत. आपला 'धरणग्रस्त' एकेकट्या खातेदाराला लागतो, कारण तो कचेरीत घडला.

हिब्रू आपल्यासाठी परकी आहे असे समजू नये. जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण मराठीतून 1832 सालीच छापले गेले, ते बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी. त्याच समाजातले जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले आणि प्रार्थनांची मराठी भाषांतरे करत राहिले. वल्हांडणाच्या सणाची हिब्रू-मराठी पोथी, हग्गादा, 1874 साली पुण्यात छापली गेली. तिच्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. मंदिराच्या विध्वंसाचा शोक करायचा आव महिन्यातला नववा दिवस या लोकांनी 'बिरड्याचा सण' म्हणून पाळला. हद्दपारीची आठवण वालाच्या बिरड्यातून जपणारी भाषा या अभ्यासात उपरी कशी ठरेल? पुणे जिल्ह्याच्याच पूर्वेला, केडगावात, पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. 1922 साली त्या गेल्या तेव्हा पश्चिमेला मुळशीचा लढा चालू होता. मुळशीचे पाणीही घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत जाते आणि रोह्यावरून रेवदंड्याला समुद्र गाठते. रेवदंड्यात बेने इस्राएलांचे सिनेगॉग आहे.

आता यिर्मयाच्या पत्राकडे परत येऊ. त्याच्या चौदाव्या वचनात एक अक्षर फसवते. लिहिलेल्या पाठात योद आहे, वाचायच्या पाठात वाव, आणि दोन्ही अक्षरे दिसायला जवळजवळ सारखी; वावची दांडी तेवढी लांब. एका बाजूने अर्थ झुकतो 'तुमच्या बंदिवानांना परत आणीन' असा, दुसऱ्या बाजूने 'तुमची स्थिती पूर्ववत करीन' असा. परतणे आणि पुनर्वसन यांत किती अंतर असते हे धरणाकाठच्या माणसाला ठाऊक आहे. आज बरेच अभ्यासक दुसऱ्या अर्थाकडे झुकतात. मला पहिला सोडवत नाही, कारण त्याच वचनात पुढे देव ज्या जागेवरून नेले तिथेच परत आणण्याची भाषा करतो.

पहिला धडा म्हणून या अध्यायाची पहिली चौदा वचने घ्या आणि ग-ल-ह जिथे दिसेल तिथे खूण करा. सहा जागा मिळतील : दोन नामे, चार क्रियापदे. चारही प्रयोजक आहेत. एकाचा कर्ता नबुखद्नेस्सर, उरलेल्या तिन्हींचा देव. मग चौदाव्या वचनातले 'हिद्दाहथी', म्हणजे मी हाकलले, हे वेगळ्या धातूचे रूप शोधा, आणि एकाच वाक्यात दोन क्रियापदे का लागली असावीत ते कोश न उघडता आधी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा.