लगाम आणि तोबरा

आमच्या लहानपणी घरातील वडील माणसे एक कोडे घालीत. भाकरी का करपली, घोडा का अडला आणि विद्या का विसरली? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून! ते उत्तर पाठ करून आम्ही मोठे झालो. पुढे सरकारी नोकरीच्या निमित्ताने उत्तर हिंदुस्थानातील एका छावणीच्या गावी काही वर्षे काढली, तेव्हा आमच्या ध्यानात आले की भाकरी आणि विद्या यांच्यापुरते ते उत्तर पुरे असले, तरी घोड्यापुरते ते अर्धेच आहे. रोज फिरवलेला घोडाही अडतो. त्याचा आपल्या स्वारावर विश्वास नसेल, तर तो नेमका आणीबाणीच्या क्षणी अडतो.

सकाळी फिरावयास जाताना आम्हांस एक वयस्क स्वार एका कोवळ्या घोड्याला शिकवताना दिसे. एके दिवशी वाटेच्या कडेला पडलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडली आणि घोडा कान टवकारून जागच्या जागी थिजला. आता चाबूक उडणार, असे आम्हांस वाटले. स्वार मात्र शांतपणे खाली उतरला, लगाम हातात सैल धरून ताडपत्रीपाशी गेला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. काही वेळाने घोड्याने एक पाऊल टाकले, मग दुसरे, आणि अखेर मान लांब करून ती भयंकर वस्तू हुंगली. स्वाराने मानेवर थाप मारली, रिकिबीत पाय ठेवला आणि दोघे पुढे गेले. एवढ्यासाठी पाव तास गेला असेल. परंतु त्यानंतर त्या जागी तो घोडा पुन्हा बिचकलेला आम्ही पाहिला नाही.

हीच युक्ती सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानी-लेखकाने आपल्या अश्वारोहणावरील ग्रंथात सांगून ठेवली आहे, हे पुढे वाचनात आले तेव्हा आम्ही थक्क झालो. घोडा एखाद्या वस्तूला भ्याला तर प्रथम आपण तिला स्पर्श करावा आणि मग त्याला हळुवारपणे जवळ न्यावे, असे तो सांगतो. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, हा त्याचा मुख्य दंडक. मारून पुढे रेटलेल्या घोड्याला ती वस्तू आणि तो मार या दोहोंची सांगड घालता येते, आणि त्याचे भय कमी न होता दुणावते.

याचे कारण घोड्याच्या स्वभावात आहे. वाघ-लांडग्यांचे भक्ष्य म्हणून जगलेला हा कळपातला प्राणी. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला सभोवारचे बहुतेक सर्व दिसते; पण अगदी नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे मात्र दिसत नाही. म्हणून जाणता माणूस त्याच्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जातो. संकट आले की पळणे हेच त्याचे शस्त्र, आणि कळपात असताना तो आपल्या म्होरक्याकडे पाहतो. स्वाराने पाठीवर मांड टाकली म्हणजे ती म्होरकेपणाची जागा आपोआप त्याला मिळत नाही. ती रोज मिळवावी लागते. लगाम खेचला आणि घोड्याने ऐकले की त्याच क्षणी हात सैल सोडावा लागतो. घोडा शिकतो तो खेचण्यातून नव्हे, तर सोडण्यातून. ज्याचा हात कधी सैल होतच नाही, त्याचा हुकूम घोड्याला कळेनासा होतो.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. वरवर पाहता शिलेदाराचेच आपल्या घोड्यावर अधिक प्रेम असणार. परंतु त्या प्रेमात एक गोम होती. घोडा हेच त्याचे भांडवल असल्याने तो पडला तर शिलेदाराची रोजीच बुडे, आणि म्हणून ऐन लढाईत घोडा जपून चालवण्याचा मोह त्याला होणे स्वाभाविक होते. उलट, परक्याच्या घोड्याची हयगय होण्याचे भय बारगिराच्या बाबतीत. शिवछत्रपतींनी पागा सबळ केली आणि शिलेदार पागेच्या हुकमतीखाली ठेवले, असे कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत सांगतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, ही उतरंड पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस मात्र तिच्याइतकीच महत्त्वाची वाटते ती त्याच बखरीतील दुसरी नोंद. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. हुकूम देणाऱ्याच्या नेमणुकीबरोबरच पाणी पाजणाऱ्याची आणि खूर जपणाऱ्याची नेमणूक!

बारगिराच्या हयगयीवर महाराजांची नजर किती बारीक होती, हे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना १६७३-७४ च्या सुमारास गेलेल्या त्यांच्या प्रसिद्ध पत्रावरून दिसते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या अर्थाने ते पत्र आपण नेहमी आठवतो. पण त्याचा आरंभ आहे तो घोड्यांच्या दाण्यापासून. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनमानीने उधळली, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी त्यात सक्त ताकीद आहे. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात विचार केलेला आहे. एक छत्रपती उंदराने पळवलेल्या वातीची काळजी वाहतो, ती कशासाठी? मुक्या जनावराला तक्रारअर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी आधी विचार करावयाचा असतो, आणि नेतृत्व म्हणतात ते यालाच.

हा करार मोडला म्हणजे काय होते, हे पानिपताने दाखवले. १७६० च्या नोव्हेंबरापासून मराठी फौज पानिपतावर अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद जवळजवळ तुटली. माणसांबरोबर जनावरांचीही अन्नान्नदशा झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडदळ रणात उतरले, त्यातील स्वारांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रिकाम्या तोबऱ्याची भरपाई शौर्याने होत नाही.

त्या दिवसाची एक आठवण माल्कमने मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या १८२३ च्या ग्रंथात नोंदवली आहे. तरुण महादजी शिंदे आपल्या दख्खनी घोडीवरून रणांगणाबाहेर पडले. एका थोराड घोड्यावरचा अफगाण त्यांच्या पाठीस लागला. कोसामागून कोस घोडी धावली, आणि अखेर थकून एका चरात कोसळली. अफगाणाने गाठून गुडघ्यावर घाव घातला. महादजींचा तो पाय जन्माचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले, आणि पुढे महादजींनी त्याला भाऊ मानून मोठ्या पदास चढवले, हे सर्वश्रुत आहे. परंतु माल्कम आणखी एक गोष्ट सांगतो. पुढील आयुष्यात, दिल्लीच्या बादशाहीचा कारभार हाती असतानाही, महादजींना वारंवार स्वप्नात आपली ती देखणी घोडी आणि तिच्यामागे धापा टाकीत येणारा तो अफगाणाचा ओबडधोबड घोडा दिसत असे.

हे वाचताना आमचे मन नेहमी त्या घोडीपाशी थांबते. उपासमारीच्या त्या छावणीतून निघालेली ती घोडी ऐनवेळी अडली नाही. पडली, ती शक्ती संपल्यावर. तेवढा विश्वास एका दिवसाच्या टाचेने मिळत नाही. त्यामागे कित्येक सकाळींचा खरारा, कित्येक संध्याकाळींचा तोबरा आणि योग्य वेळी सैल झालेला हात असला पाहिजे.

आपल्यापैकी काही घराणी अशाच स्वारांच्या मागोमाग महाराष्ट्राबाहेर आली. आमच्यासारखे काही बदलीच्या हुकमाने आले. आज मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना अध्यक्ष आणि कार्यवाह यांची नावे या अंकात योग्य मानाने छापली जातील. पण गणेशोत्सवात पहाटे उठून सतरंज्या घालणारे, परगावाहून रात्रीच्या गाडीने उतरलेल्या अनोळखी मराठी कुटुंबाला घरी नेऊन पिठलेभात वाढणारे, हे आपले पखालजी आणि नालबंद. लगाम कोणाच्या हाती होता, याची नोंद इतिहास ठेवतोच. तोबरा कोणी भरला, ते मात्र आपणच लक्षात ठेवले पाहिजे.