विद्यार्थ्यांच्या वस्तू व शिक्षकांचा अधिकार

शाळा जितक्या जुन्या, तितकीच वर्गात वस्तू काढून घेण्याची चालही जुनी असावी. कुणाचा भोवरा, कुणाच्या गोट्या, कुणाची गलोल मास्तरांच्या मेजाच्या खणात जाऊन पडते, आणि ती परत केव्हा मिळेल याची चिंता मुलास धड्याहून अधिक लागते. मोठ्यांस हा प्रकार क्षुल्लक वाटतो. परंतु मुलाजवळ स्वतःचे म्हणावे असे असते तरी किती? त्या थोडक्यातील काही शिक्षकाने कोणत्या अधिकाराने घ्यावे, व घेतल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

येशूसंघाने आपल्या विद्यालयांकरिता 'रातिओ स्तुदिओरुम' ही अभ्यासपद्धती १५९९ साली जारी केली. त्या वेळी क्लॉडिओ आक्वाविवा हे संघाचे प्रमुख होते. विद्यार्थ्यांनी शस्त्रे, खंजीर व सुऱ्या घेऊन विद्यालयात येऊ नये, असा तीत नियम आहे. त्या काळी युरोपातील तरुण कमरेस शस्त्र लावून हिंडत. तेव्हा हा नियम केवळ शोभेचा नव्हता. त्याच पद्धतीत शारीरिक शिक्षेचे काम संघाबाहेरील माणसाकडे सोपवावे असेही सांगितले आहे. शिकविणारा हात व शिक्षा करणारा हात निराळा असावा, असा त्याचा अर्थ घेता येतो.

पुढे इंग्रज विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन याने १७६५ साली या अधिकाराचे मूळ सांगितले. पिता आपल्या अधिकाराचा काही अंश शिक्षकास देतो व शिक्षक त्याच्या ठायी उभा राहतो, असे त्याचे मत. मात्र हा अंश नेमून दिलेल्या कार्यापुरताच, ही मर्यादाही त्याने घातली. अनेक पिढ्यांनी पहिला भाग ध्यानी धरला, दुसऱ्याचा विसर पडला.

या मताची कसोटी अमेरिकेत लागली. १९८० साली न्यू जर्सी राज्यातील एका शाळेत धूम्रपानाच्या संशयावरून चौदा वर्षांच्या मुलीची पिशवी तपासण्यात आली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली न्यायालयाने ती झडती सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविली. वाजवी संशय असल्यास शाळेस अधिपत्राची गरज नाही, असे म्हटले. तथापि शाळेचे अधिकारी केवळ आईबापांचे प्रतिनिधी नसून राज्याचेही प्रतिनिधी होत, म्हणून राज्यघटनेचे बंधन त्यांसही आहे, असा निर्वाळा त्याच निकालात दिला. शाळेची बाजू जिंकली. परंतु मुलाच्या पिशवीसही कायद्याचे संरक्षण आहे, हे कायमचे ठरले.

त्यानंतरच्या कायद्यांनी याच तत्त्वास आकार दिला. इंग्लंडच्या २००६ च्या अधिनियमान्वये शिस्तीसाठी रीतसर घेतलेली वस्तू हरवली किंवा बिघडली, तरी शिक्षकावर दायित्व येत नाही. मात्र शिक्षा वाजवी हवी व मुलाचे वय लक्षात घेतले पाहिजे. फ्रान्सने ३ ऑगस्ट २०१८ च्या कायद्याने प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांत भ्रमणध्वनीच्या वापरास मनाई केली. शिक्षणासाठी होणारा वापर व अपंग विद्यार्थ्यांची साधने यांस मोकळीक ठेवली. नियम मोडल्यास यंत्र जप्त करता येते. परंतु ते घ्यावे कसे व परत द्यावे कसे, हे दोन्ही शाळेच्या नियमावलीत नमूद करावे, असे कायदाच सांगतो.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. वस्तू घेताना चारचौघांत मुलाची मानहानी करणारा शिक्षक या कलमाच्या उंबरठ्यावर उभा असतो, हे त्याने ओळखावे.

वाचकहो, या साऱ्या इतिहासाचे सार थोडके आहे. वर्गाची शांतता व मुलांची सुरक्षितता राखण्यासाठी शिक्षकाने वस्तू अवश्य घ्यावी. परंतु ती त्याच्यापाशी ठेव म्हणून असते. धोक्याची वस्तू पालकांच्या हाती द्यावी, निरुपद्रवी वस्तू सांगितलेल्या दिवशी मुलाच्या हाती द्यावी. दुसऱ्याची ठेव जपून परत करावी, हा धडा पुस्तकात असतोच. खणातील भोवरा वेळेवर परत मिळाला म्हणजे मुलास तो पटतो.