एका गेमभोवती फिरलेला खटला

जून २०२३च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात सोनीचा एक कागद दाखल झाला. त्यातले गोपनीय आकडे कुणीतरी काळ्या मार्करने खोडले होते आणि मग तो स्कॅन केला होता. स्कॅनमध्ये मार्करखालचे आकडे दिसतच राहिले. काही तासांत पत्रकारांनी ते वाचून काढले: 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा गेम बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटी २० लाख. गेम बनवणाऱ्या कंपन्या असे आकडे कधी बोलून दाखवत नाहीत. कागद काढून घेतला गेला, पण तोवर त्याच्या प्रती सगळीकडे पोचल्या होत्या. गुप्त माहिती झाकणं आणि ती काढून टाकणं यातला फरक शिकायला आम्हा प्रोग्रॅमर लोकांनाही साधारण एक अपघात लागतो, त्यामुळे मी फार हसलो नाही.

खटला मात्र या आकड्यांचा नव्हता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे एफटीसीला, मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेऊ नये असं वाटत होतं. १८ जानेवारी २०२२ रोजी जाहीर झालेला हा सौदा ६८.७ अब्ज डॉलरचा होता. गेमिंगच्या धंद्यात एवढा मोठा सौदा तोवर झाला नव्हता. एका बाजूला एक्सबॉक्सची मालकीण, दुसऱ्या बाजूला 'कॉल ऑफ ड्यूटी', 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट', 'डायब्लो' आणि मोबाइलवरचा 'कँडी क्रश' यांची मालकीण.

या सौद्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात २०२२पासून करून भागत नाही. अ‍ॅक्टिव्हिजनचा जन्मच कन्सोलवाल्याशी झालेल्या भांडणातून झाला. १९७९ साली अटारीचे चार प्रोग्रॅमर, डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड, मालकाकडे गेले. कंपनीच्या विक्रीतला मोठा वाटा आपल्या गेम्सचा आहे हे त्यांनी आकड्यांवरून ताडलं होतं. त्यांना डब्यावर नाव हवं होतं आणि विक्रीत थोडा हिस्सा. क्रेन पुढे अनेकदा सांगत आला आहे की अटारीचे प्रमुख रे कसार यांनी त्यांना, कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगारापेक्षा तुम्ही काही जास्त महत्त्वाचे नाही, अशा अर्थाचं उत्तर दिलं. (जुळवणाऱ्या कामगाराचाही यात अपमान आहे, पण ते असो.) चौघे बाहेर पडले आणि अटारीच्याच यंत्रावर चालणारे गेम स्वतःच्या कंपनीच्या नावाने विकू लागले. यंत्र एकाचं आणि गेम दुसऱ्याचा, ही आज आपण गृहीत धरलेली व्यवस्था तिथून सुरू झाली. अटारीने खटला भरला, त्यात तडजोड झाली, आणि बाहेरच्यांना गेम विकायची वाट मोकळी झाली.

निन्टेन्डोने ही वाट पुन्हा बंद केली. १९८५पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्यांच्या यंत्रात एक कुलूप-चिप होती. निन्टेन्डोच्या परवानगीशिवाय बनवलेलं कार्ट्रिज त्यात चालत नसे. परवाना मिळाला तरी वर्षाला ठरावीकच गेम काढता येत, आणि काढलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या यंत्रासाठी विकायचा नाही अशी अट असे. पण १९९१ साली सरकारने निन्टेन्डोला पकडलं ते वेगळ्याच गोष्टीवरून: दुकानदारांनी कन्सोल ठरलेल्या किमतीच्या खाली विकू नये म्हणून दबाव आणल्याबद्दल. शिक्षा काय, तर ग्राहकांना पाच डॉलरची कुपनं. ती वापरायची तर आणखी एक निन्टेन्डोचा गेम विकत घ्यायचा. असा दंड मिळाला तर कुठलीही कंपनी आनंदाने भरेल.

तिसरा योगायोग मायक्रोसॉफ्टचा. १९९८ साली अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. २०००मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश दिला, २००१मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्याय खात्याशी तडजोड झाली. त्याच महिन्यात, १५ तारखेला, पहिला एक्सबॉक्स दुकानात आला.

आता २०२२. तोवर अ‍ॅक्टिव्हिजन अडचणीत होती. जुलै २०२१मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने तिच्यावर लैंगिक छळ आणि स्त्रियांशी भेदभाव केल्याचा खटला भरला होता, कर्मचारी काम सोडून रस्त्यावर उतरले होते, शेअर पडला होता. एफटीसीच्या अध्यक्षपदी लीना खान होती. विद्यार्थिदशेत अ‍ॅमेझॉनवर लिहिलेल्या निबंधाने ती गाजली होती. ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळते का, एवढाच प्रश्न विचारून मोठ्या कंपन्यांची सत्ता मोजता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. डिसेंबर २०२२मध्ये एफटीसीने सौद्याला आव्हान दिलं, तेव्हा हे म्हणणं आता कोर्टात तपासलं जाणार असं माझ्यासारख्या अनेकांना वाटलं. तसं झालं नाही.

कारण कायदा ज्या पद्धतीने प्रश्न विचारतो ती पद्धत. दोन स्पर्धक एकत्र आले की बाजारातला एक खेळाडू कमी झाला हे उघड दिसतं. इथे तसं नव्हतं. इथे थिएटरचा मालक निर्मिती संस्था विकत घेत होता. अशा वेळी सरकारला सिद्ध करावं लागतं की हा मालक त्या संस्थेचे सिनेमे दुसऱ्यांच्या थिएटरात लागू देणार नाही, आणि तसं करण्यात त्याचा फायदा आहे. म्हणून शेकडो गेम, हजारो कर्मचारी आणि अनेक देशांत पसरलेल्या या सौद्याचा खटला एकाच प्रश्नावर आला: 'कॉल ऑफ ड्यूटी' प्लेस्टेशनवर राहणार की नाही?

एफटीसीचा हुकमी पुरावा झेनिमॅक्सचा होता. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी साडेसात अब्ज डॉलरला घेतली होती, सौदा मार्च २०२१मध्ये पुरा झाला, आणि नंतर तिचे 'स्टारफील्ड' आणि 'रेडफॉल' प्लेस्टेशनवर येणार नाहीत हे ठरलं. एकदा केलं ते पुन्हा करतील, हा साधा तर्क. मायक्रोसॉफ्टचं उत्तर असं की 'स्टारफील्ड' हा एकट्याने खेळायचा नवा गेम, आणि 'कॉल ऑफ ड्यूटी' हा मित्रांबरोबर खेळायचा. प्लेस्टेशनवरची गर्दी काढून टाकली तर उरलेल्यांचाही रस जाईल. फिल स्पेन्सरने शपथेवर सांगितलं की गेम प्लेस्टेशनवर येत राहील. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी तर आपला एक्सबॉक्स कन्सोलच्या लढाईत हरला आहे असं लेखी मांडलं. आपण किती दुबळे आहोत हे पटवून देण्यासाठी जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक कंपनी झटते आहे, हे दृश्य फक्त अशाच खटल्यात दिसतं. त्यात सोनीचे प्रमुख जिम रायन यांचा सौदा जाहीर झाल्यानंतर लगेच लिहिलेला ईमेल बाहेर आला. बाहेर विरोध करणाऱ्या रायनना खासगीत वाटत होतं की हा खेळ एक्सक्लुझिव्हिटीचा नाही आणि गेम आपल्याकडे बरीच वर्षं राहील.

न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांचा ५३ पानी निकाल ११ जुलैला प्रसिद्ध झाला. त्यांनी मनाई हुकूम नाकारला. निकालात एक रोचक मुद्दा आहे: चौकशीचा उपयोग झाला, असं त्या म्हणतात. सरकारने दबाव आणल्यामुळेच मायक्रोसॉफ्टने दहा वर्षांची लेखी हमी दिली, निन्टेन्डोशी करार केला, क्लाउड कंपन्यांशी केले. थोडक्यात, खटल्याच्या धाकाने मिळालेली आश्वासनंच खटला फेटाळायला कामी आली. सोनीने पाच दिवसांनी दहा वर्षांच्या करारावर सही केली.

ब्रिटनमध्ये गाडी वेगळ्या रुळावर गेली. तिथल्या स्पर्धा आयोगाने, सीएमएने, सुरुवातीला कन्सोलचाच मुद्दा धरला होता. मायक्रोसॉफ्टने आक्षेप घेतला की गेम रोखल्याचा फायदा पाच वर्षांचा मोजला आहे आणि तोटा एकाच वर्षाचा. मार्च २०२३मध्ये, नवी माहिती पाहून, सीएमएने तो मुद्दा सोडला. ज्याने कधी दोन वेगवेगळ्या कालावधींचे आकडे एका सूत्रात घातले आहेत, त्याला त्या विश्लेषकांबद्दल सहानुभूतीच वाटेल. पण मग सीएमएने जे उचललं ते मला या सगळ्यातलं सर्वांत विचारी वाटतं: क्लाउड गेमिंग. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, तुमच्याकडे फक्त चित्र येतं आणि बटणं जातात. बाजार लहान होता, पण त्यात ६० ते ७० टक्के वाटा मायक्रोसॉफ्टचा होता. विंडोज तिची, डेटा सेंटर तिची, आता गेमही तिचे. गूगलचं स्टॅडिया १८ जानेवारी २०२३ला, म्हणजे सौद्याच्या घोषणेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, बंद पडलं होतं. २६ एप्रिलला सीएमएने सौदा अडवला. दहा वर्षांचे करार म्हणजे अजून तयार न झालेल्या बाजाराला आजच्या अटींत बांधणं आहे, आणि त्यावर देखरेख कोण करणार, असा त्यांचा सवाल होता. युरोपियन युनियनने तसेच करार मान्य करून तीन आठवड्यांत मंजुरी दिली. एकच पुरावा, एकच कंपनी, आणि खाडीच्या दोन काठांवर दोन उत्तरं.

अखेर मायक्रोसॉफ्टने सौदा पुन्हा बेतला. युरोपियन आर्थिक क्षेत्राबाहेरचे क्लाउडचे हक्क पंधरा वर्षांच्या गेम्ससाठी फ्रान्सच्या युबीसॉफ्टला विकले, आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी सीएमएने होकार दिला. त्याच दिवशी सौदा पूर्ण झाला.

पुढे काय झालं ते पाहिलं की कोर्टातला मुख्य प्रश्न विचित्र वाटू लागतो. भीती होती की मायक्रोसॉफ्ट गेम स्वतःच्या यंत्रात कोंडेल. फेब्रुवारी २०२४पासून ती उलट आपले गेम प्लेस्टेशनवर पाठवू लागली, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये 'हेलो'ही तिकडे जाणार असं जाहीर झालं. २००१मध्ये एक्सबॉक्स ज्याच्या जोरावर विकला गेला तोच 'हेलो'. ग्राहकाला झळ बसली ती दुसरीकडून. गेम पास अल्टिमेट हे मासिक वर्गणीचं पॅकेज सौदा झाला तेव्हा १६.९९ डॉलरला होतं. जुलै २०२४मध्ये ते १९.९९ झालं, ऑक्टोबर २०२५मध्ये २९.९९.

आणि गेम बनवणारे? ते या खटल्यात पक्षकारच नव्हते. एफटीसीच्या तक्रारीत कन्सोल होते, वर्गणी होती, क्लाउड होता. प्रोग्रॅमर, चित्रकार, टेस्टर यांच्या मजुरीचा बाजार नव्हता. गंमत म्हणजे कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका ही युनियन सौद्याच्या बाजूने होती. जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने लेखी कबूल केलं होतं की अ‍ॅक्टिव्हिजनच्या कर्मचाऱ्यांनी युनियन करायचं ठरवलं तर कंपनी आडवी येणार नाही. जुन्या मालकाचा अनुभव पाहता युनियनने तो हात धरला यात मला चूक दिसत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पाचशेहून जास्त लोकांनी जुलै २०२४मध्ये युनियन केलीही.

पण त्याआधी, २५ जानेवारी २०२४ला, मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातल्या २२ हजारांपैकी १,९०० जणांना काढलं. एफटीसीने अपील कोर्टाला पत्र लिहिलं: दोन्ही कंपन्या स्वतंत्रपणे चालतील असं तुम्हाला सांगितलं होतं, त्याच्याशी हे जुळत नाही. मायक्रोसॉफ्टचं उत्तर होतं की अ‍ॅक्टिव्हिजन स्वतःच माणसं कमी करणार होती. मे महिन्यात तिने आर्केन ऑस्टिन आणि जपानचा टँगो गेमवर्क्स हे स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं; दोन्ही झेनिमॅक्सबरोबर आलेले. कामगारांच्या बाजारातली स्पर्धाही तपासावी, हे एफटीसीने विलीनीकरणाच्या आपल्या मार्गदर्शक नियमांत स्पष्ट लिहिलं ते डिसेंबर २०२३मध्ये, सौदा होऊन दोन महिने झाल्यावर.

७ मे २०२५ला अपील कोर्टाने कॉर्लींचा निकाल कायम केला. २२ मेला एफटीसीने, आता नव्या अध्यक्षांच्या हाताखाली, उरलेला खटला मागे घेतला. २ जुलैला मायक्रोसॉफ्टने कंपनीभरातल्या सुमारे नऊ हजार नोकऱ्या कमी केल्या. त्यात 'परफेक्ट डार्क' हा कित्येक वर्षं बनत असलेला गेम रद्द झाला आणि तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला.